अंतराळवीर व्हायचंय? मग आधी कान पुढे करा

तर तुम्हाला अंतराळवीर व्हायचंय, तेही 1959 साली, अमेरिकेत. उत्तम. पहिली गोष्ट म्हणजे पुरुष असा. नासाच्या सात अटींच्या यादीत हे शोधत बसू नका, तिथे नाहीये, तिथे फक्त एवढंच आहे की टेस्ट पायलट (नवी विमानं उडवून तपासणारे) स्कूल पास पाहिजे, आणि लष्कराच्या त्या स्कूलात बायकांना घेतच नाहीत, म्हणजे कुणाला तोंडावर नाही म्हणायचा वाईटपणा नको. किती सोय बघा!

वय चाळिशीच्या आत, 1500 तास विमान उडवलेलं आणि उंची 5 फूट 11 इंचांपेक्षा कमी, कारण यानाच्या कॅप्सूलचं माप आधी ठरलंय, तुमचं नंतर. डिग्री हवी, पण टेन्शन घेऊ नका, ‘किंवा समकक्ष’ असं पुढे लिहिलंय. जॉन ग्लेनकडे डिग्री नव्हती, स्कॉट कार्पेंटरचा हीट ट्रान्सफर हा एक विषय राहिला होता, दोघंही आत. कार्पेंटर 1962 मध्ये पृथ्वीला तीन चकरा मारून त्या तापलेल्या कॅप्सूलमधून खाली आला तेव्हा युनिव्हर्सिटीने म्हटलं की आता याला उष्णतेचं पुरेसं कळलंय, आणि डिग्री देऊन टाकली. ज्यांची केटी अडकलीये त्यांनी नोंद घ्यावी.

508 फाइलींमधून 110 जण उरले, त्यातले 32 अल्बुकर्कच्या लव्हलेस क्लिनिकमध्ये गेले. तिथे कानात बर्फाचं पाणी सोडतात आणि तुमचे डोळे कसे गरगरतात ते शांतपणे बघतात. एनिमा वगैरे चालूच असतं, लाज घरी ठेवून या. मग हवाई दलाच्या राइट-पॅटर्सन तळावर 54 डिग्रीच्या खोलीत दोन तास बसवतात, पाय बर्फाच्या पाण्यात बुडवायला लावतात, अंधाऱ्या साउंडप्रूफ खोलीत कोंडतात. वर ‘मी कोण?’ याची वीस उत्तरं लिहायची. आपल्याकडे कोऽहंच्या एका उत्तरासाठी लोकांनी हिमालय गाठला, इथे वीस, आणि फॉर्म लगेच परत!

विनोद मात्र करू नका हं. पीट कॉनरॅड नावाच्या उमेदवाराला मानसोपचारतज्ज्ञाने कोरं कार्ड दाखवलं तर हा म्हणे, उलटं धरलंय. सांगतात की त्याला शेरा मिळाला, लांबच्या उड्डाणासाठी अयोग्य. पुढे गडी चंद्रावर चालून आला आणि 1973 मध्ये स्कायलॅब या अंतराळ स्थानकावर 28 दिवस राहिला, पण ते सोडा, शेरा तो शेरा.

निवडायचे होते सहा, सहावा कोण ते ठरेना म्हणून घेतले सात. आणि एवढं सगळं सोसून मर्क्युरी (हे या मोहिमेचं नाव) कॅप्सूलमधून पहिला अंतराळात गेला कोण, तर हॅम नावाचा चिंपांझी, जानेवारी 1961. त्याला डिग्री कुणी विचारली नाही.

आता ताईंनो, तुम्हीही वाचताय म्हणून सांगतो. त्या क्लिनिकच्या डॉक्टर लव्हलेसने खाजगीत बायकांच्याही त्याच मेडिकल टेस्ट घेतल्या, तेरा जणी पास झाल्या. त्यातल्या जेरी कॉबकडे विमान उडवल्याचे 7000 च्या वर तास होते, पण समकक्षची सवलत इथे काही लागू होईना. 1962 मध्ये संसदीय समितीपुढे प्रकरण गेलं तेव्हा ग्लेनसाहेबांनी (हो, तेच, बिनडिग्रीवाले) सांगितलं की बायका या क्षेत्रात नाहीत ही आपली समाजव्यवस्थाच आहे. पुढच्याच वर्षी रशियाने कापड गिरणीत काम केलेली, पॅराशूटची हौस असलेली व्हॅलेंटिना तेरेश्कोवा पाठवली, आणि सगळ्या मर्क्युरीवीरांचे मिळून जेवढे तास भरले त्यापेक्षा जास्त ती एकटी वर राहून आली. नासाने यातून लगेच बोध घेतला आणि 1983 मध्ये सॅली राइडला पाठवलं. तेव्हा अर्ज आत्ताच टाकून ठेवा, वीसेक वर्षांत बोलावतील.