बंदुकीचं सोडा, काडतुसाचा हिशेब कोण ठेवून राहिलं?

२०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत ब्राँझ आणलं तेव्हापासून आपल्या नागपुरातही ज्याला त्याला पोरगं शूटिंगला टाकायचं आहे. चांगलंच आहे, दिवसभर मोबाईल घेऊन बसण्यापेक्षा कधीही बरं. पण रेंजवर जाणाऱ्या मंडळींशी बोलताना एक गोष्ट सारखी खटकते म्हणून हे लिहून राहिलो. बंदुकीला सगळे वचकून असतात, नळी कुठं धरायची, ट्रिगरवर बोट कधी न्यायचं, सगळं पाठ, अन् चुकलं तर रेंज ऑफिसर ओरडतोच. काडतुसाचं मात्र कोणी विचारत नाही. ते एवढंसं असतं, ट्रॅकपँटच्या खिशात नाहीतर बॅगच्या साईडच्या कप्प्यात जातं अन् तिथंच पडून राहतं. माझं तर सरळ मत आहे बाप्पा, रेंजवर जाणारा साधा माणूस कधी कायद्यात अडकलाच तर अशा विसरलेल्या काडतुसापायीच अडकेल.

आधी पालकांसाठी, कारण इथंच सगळा गोंधळ आहे. १० मीटरवाली एअर रायफल अन् एअर पिस्तूल, यात बारूद नसतेच, शिशाची ४.५ मिलिमीटरची पेलेट हवेच्या दाबानं जाते, ठरलेल्या ताकदीच्या आतल्या एअरगनला लायसन्स लागत नाही. पण स्वप्नीलनं मेडल आणलं तो ५० मीटरचा इव्हेंट, तिथं पॉइंट टू टू चं खरं काडतूस लागतं, बारूद भरलेलं, अन् त्याच्या डब्यांवर गोळी दीड मैल जाऊ शकते म्हणून वॉर्निंग छापलेली असते, म्हणजे जवळपास अडीच किलोमीटर! "पोरगा शूटिंग करतो" हे एकच वाक्य दोन्हीला चालतं पण कायदा दोन्हीला एकच नाही.

शस्त्र कायदा १९५९ चा. त्यात कलम ३ बंदुकीसोबत काडतुसालाही लागू आहे, लायसन्सशिवाय एक जिवंत काडतूस जवळ सापडलं तरी गुन्हा दाखल होतो, अन् २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा २ ते ५ वर्षं झाली, आधी १ ते ३ होती. लोक म्हणतात अरे पण मला माहीतच नव्हतं बॅगेत आहे म्हणून. बरोबर आहे, सुप्रीम कोर्टानं १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यातच सांगून ठेवलं आहे की वस्तू आपल्याकडे आहे याची जाणीव असली पाहिजे, अन् याच मुद्द्यावर अशा बऱ्याच एफआयआर हायकोर्टात रद्दही होतात. पण रद्द होईपर्यंत वकील कोण करून देणार, तारखा कोण सांभाळणार, पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनमध्ये केस पेंडिंग दिसली तर काय सांगणार?

अन् हे बहुतेक वेळा घडतं विमानतळावर. शनिवारी जी बॅग रेंजवर गेली तीच सोमवारी ऑफिसच्या टूरसाठी सोनेगावला, एक्स-रेमध्ये सीआयएसएफवाल्याला काडतूस दिसलं की फ्लाईट गेली अन् तुम्ही पोलीस स्टेशनला. म्हणून रेंजची बॅग वेगळी ठेवा, दुसऱ्या कशालाच वापरू नका, अन् घरात सगळ्यांना सांगून ठेवा की ही बॅग कोणी उचलायची नाही. आठवण म्हणून रिकाम्या पुंगळ्या आणून त्याचं कीचेन बनवणारे तर वेगळेच महाभाग, ते कीचेनही मशीनमध्ये काडतुसासारखंच दिसते भाऊ, मग बसा समजावत. (रीलसाठी हातात जिवंत काडतुसं घेऊन फोटो टाकणाऱ्यांवर मी बोलत नाही, बीपी वाढतो.)

मित्राकडे लायसन्स आहे म्हणून "तू जरा ही बॅग माझ्या घरी नेऊन ठेव" असंही सर्रास चालतं. लायसन्सवाला स्वतः सोबत असेल किंवा त्यानं लेखी दिलं असेल, अन् तेही ठरावीक कामासाठी, तरच कायदा सूट देतो. दोस्तीत तोंडी सांगितलेलं चालत नाही.

आता रेंजवरचं. ट्रिगर दाबला अन् आवाजच आला नाही तर लोक लगेच बोल्ट उघडून आत डोकावतात. अरे थांबा ना! बारूद उशिरा पेटू शकते, नळी टार्गेटकडेच धरून किमान अर्धा मिनिट थांबायचं, हात वर करून रेंज ऑफिसरला बोलवायचं. अन् आवाज नेहमीपेक्षा बारीक आला तर पुढचं काडतूस भरायचंच नाही, गोळी नळीतच अडकलेली असू शकते. शॉटगनवाल्यांचं तर विचारू नका, काहींच्या पिशवीत १२ बोअर अन् २० बोअर चिवड्यातल्या दाण्यांसारखे मिसळलेले असतात. २० बोअरचं काडतूस १२ पेक्षा बारीक असतं, ते १२ च्या नळीत आत सरकून अडकतं, चेंबर रिकामं दिसतं, माणूस मागून १२ चं भरतो अन् नळी फुटते. २० बोअरचा रंग पिवळा ठेवतात तो याचसाठी. शिशाचे हात साबणानं धुतल्याशिवाय टिफिन उघडू नका, हे लहान पोरांना तर आठवणीनं सांगा.

मे महिन्यात आपल्याकडे कार कशी तापते माहीतच आहे. डिक्कीतलं काडतूस उन्हानं आपोआप उडत नाही, ती भीती फुकटची, पण सारखं तापून बारूद खराब होते. त्याहून मोठा घोळ म्हणजे कार सर्व्हिसिंगला जाते, मेव्हणा मागून नेतो, चोरीला जाते.

माझं म्हणणं एवढंच की रेंजवाल्यांनी आत जाताना काडतुसं मोजावी अन् बाहेर पडताना उरलेली अधिक रिकाम्या पुंगळ्या जुळवाव्या. पाच मिनिटं लागतात. लोक चिडतील, "आमच्यावर विश्वास नाही का" म्हणतील, म्हणू द्या. बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यापासून पुलगावच्या दारूगोळा डेपोपर्यंत, या सगळ्याच्या मधोमध राहतो आपण, स्फोटकांवर नजर ठेवणाऱ्या केंद्राच्या पेसोचं हेड ऑफिस आपल्या शहरात, अन् आपल्याच खिशातलं मोजायची लाज?

अन् रेंजचा काही संबंध नसलेल्यांनीही जरा आजोबांचं कपाट बघून घ्या. विदर्भात पीक राखायला बंदूक घेतलेली घरं कमी नाहीत, आजोबा गेले, बंदूक जमा झाली, अन् काडतुसांचा डबा धोतराखाली तसाच. लायसन्स ज्याचं तोच राहिला नाही तर ती काडतुसं तुमच्याकडे बेकायदेशीर आहेत. कलम २१ प्रमाणे जवळच्या पोलीस स्टेशनला नाहीतर लायसन्सवाल्या डीलरकडे जमा करायची, पावती घ्यायची. नाल्यात, नागनदीत, कचऱ्यात फेकायची नाही. कोणी जमा केली असतील तर कमेंटमध्ये सांगा कोणते कागद मागितले, बाकीच्यांना कामी येईल.