सत्तर की पंच्याहत्तर

पुण्याच्या नारायण पेठेतल्या माझ्या मामाला कुणी "पत्र्या मारुती कुठे?" असं विचारलं, तर तो "नारायण पेठेत" एवढंच सांगतो. विचारलं तेवढं सांगून झालं, की दार बंद. त्याचा विंडोज ९८ वाला कॉम्प्युटरही त्याच घरात मुरलेला.

१९९२ साली भाडेकरूने महिना सत्तर रुपये दिले की पंच्याहत्तर, हा वाद अजून जिवंत आहे. पुरावा वर्डस्टार नावाच्या जुन्या लिहायच्या प्रोग्रॅममध्ये टाईप केलेला. फाइलचं नाव BHADE, टिंब, ९२. नाव आठ अक्षरांत आणि टिंबापुढचं आडनाव तीन अक्षरांत बसवायचं, हा डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, आज्ञा टाईप करून चालवायच्या सिस्टिमचा नियम. (सहस्रबुद्ध्यांनी काय केलं असेल देव जाणे.) मामाने आडनावाच्या जागी साल घातलं. आता विंडोज आडनावावरूनच फाइल कोणाकडे पाठवायची ते ठरवतं, आत डोकावतसुद्धा नाही. स्थळं बघताना मामीची हीच पद्धत. ९२ नावाचं कूळ ओळखीचं निघेना, तेव्हा "कशाने उघडू?" म्हणून यादी पुढे आली. मामाने पेंट निवडलं.

"पेंट का रे मामा?"

"चित्र बरं होतं त्याचं."

खाली 'नेहमी याच प्रोग्रॅमने' ही खूण होतीच. तेव्हापासून ९२ सालचा प्रत्येक कागद पेंटच्या दारात जाऊन अपमान करून घेत होता.

मी डॉसमध्ये जाऊन WS, म्हणजे वर्डस्टारला हाक, टाईप केलं. बॅड कमांड ऑर फाइल नेम. यातलं नक्की काय वाईट, ते सांगायची पद्धत नाही. डॉस आधी आपण उभे आहोत त्या फोल्डरात बघतं, मग ऑटोएक्झेक नावाच्या फाइलीतली पाथची, म्हणजे कुठे कुठे शोधायचं त्या पत्त्यांची, यादी डावीकडून उजवीकडे एकेक दार ठोठावत जातं. यादीत वर्डस्टारचा पत्ता होता. पण मामेभावाने गेमसाठी जागा करताना तो फोल्डरच उडवला होता. पत्ता जुनाच, वाडा पाडलेला.

शेवटी फाइल ओढून नोटपॅडमध्ये टाकली. उघडली! फक्त प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर भलतंच. ओळी नीट बसवताना वर्डस्टार शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर स्वतःपुरती खूण करतं, म्हणजे कॉम्प्युटरने प्रत्येक अक्षराला दिलेला जो आकडा असतो, त्यात १२८ मिळवतं. नोटपॅडला हे कोण सांगणार? भाड्याच्या रकान्यात ७, आणि पुढे डोक्याशी चिकटलेलं इवलंसं वर्तुळ.

"सात अंश?" मामा चष्मा सरकवत म्हणाला. "हे भाडं आहे की ताप?"

मी कागदावर वजाबाकी केली. अंशाचं चिन्ह १७६. त्यातून १२८ गेले, उरले ४८. म्हणजे शून्य.

"मामा, सत्तर."

मामाने स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढली.

"पेंटमध्येच उघड परत."