‘तासाभराचं काम’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘जुना वाचक’ या नावाने तुम्ही लिहिलंत, तेव्हा नाव विचारत नाही. फोन बदलताना काय मागे राहतं आणि कुठल्या क्रमाने काम करावं हे सांगणाऱ्या ‘अँड्रॉइड सोडून आयफोनकडे जाताना’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया बरीच मोठी आहे, म्हणून इतरांसाठी तिचा गोषवारा आधी देतो. तुमचं म्हणणं असं: मी लोकांना उगाच घाबरवलं. हल्ली सगळं क्लाउडवर असतं, नवा फोन चालू केला की तासाभरात काम होतं. ज्याला तेवढंही जमत नाही त्याच्या आळसाचं खापर मी कंपन्यांवर फोडलं. अशा माणसाने साधा फोन वापरावा. आणि लाखाच्या फोनच्या गप्पा मराठीत कशाला, इथे त्या कितीजणांच्या उपयोगाच्या? शेवटी ‘ॲपलकडून पाकीट मिळालं का’ असंही विचारलंत. ज्या लेखात आयफोन घेऊ नका असं दोन ठिकाणी लिहिलंय, त्याबद्दल पाकीट देणारी कंपनी मला तरी माहीत नाही.

आता तुमचा तास. फोटो, नंबर, कॅलेंडर, मेल एवढंच हलवायचं असेल आणि फोटोंचा डोंगर नसेल, तर तुमचा हिशेब मला मान्य आहे. ॲपलचं ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲप २०१५ पासून प्ले स्टोअरवर आहे आणि एवढं काम ते नीट करतं. नंबर गूगल खात्यात असतील तर त्या ॲपचीही गरज नाही. आयफोनच्या सेटिंगमध्ये ते खातं घातलं की नावं उतरतात. ‘असतील तर’ हे मात्र आधी बघावं लागतं. कितीतरी लोकांचे नंबर अजून सिमवर नाहीतर नुसत्या फोनच्या मेमरीत असतात आणि नवा फोन हातात येईपर्यंत त्यांना त्याचा पत्ता नसतो.

घर बदलताना कपाट, पलंग, भांडी टेम्पोतून जातात. गॅसचं कनेक्शन आणि रेशनकार्डावरचा पत्ता टेम्पोतून जात नाही. तुम्ही तास मोजलात तो टेम्पोचा. माझा लेख उरलेल्याबद्दल होता.

व्हॉट्सॲपच घ्या. क्लाउडवर बॅकअप आहे हे खरं, पण कुणाच्या? अँड्रॉइडवरचा बॅकअप गूगलच्या खात्यात जातो, आयफोनवरचं व्हॉट्सॲप फक्त आयक्लाउडमधला, म्हणजे ॲपलच्या क्लाउडमधला, बॅकअप वाचतं. म्हणजे रोज रात्री दोन वाजता इमानेइतबारे बॅकअप घेणारा माणूससुद्धा नव्या आयफोनवर कोरं व्हॉट्सॲप बघत बसतो. जून २०२२ पर्यंत तर अँड्रॉइडवरून आयफोनवर गप्पा न्यायला अधिकृत वाटच नव्हती. फोटो आणि नंबर २०१५ पासून जात होते, गप्पांना सात वर्षं थांबावं लागलं. वाट झाली तीही ‘मूव्ह टू आयओएस’मधूनच, आणि तिला अटी आहेत. आयफोन कोरा हवा, म्हणजे नवा किंवा पूर्ण पुसलेला. नंबर तोच हवा. दोन्ही फोन जवळ, चार्जरला लावलेले हवेत. तुम्ही उत्साहाने आयफोन चालू केलात, दोन दिवस वापरलात, कॅमेरा बघितलात आणि मग गप्पा आठवल्या, तर तो फोन पुसून पहिल्यापासून सुरुवात करा.

आणखी एक. हस्तांतर चालू असताना अँड्रॉइडवर ते ॲप समोर उघडंच ठेवायचं. मधेच दुसरं ॲप उघडलं किंवा फोन आला, तर डेटा जात नाही. हे ॲपलच्याच मदतीच्या पानावर लिहिलेलं आहे. आपल्याकडे तासभर कुणाचाच फोन येणार नाही, ही अट किती अवघड आहे हे पर्सनल लोनवाल्यांना विचारा.

हे सगळं अशक्य आहे असं मी कुठे म्हटलं नाही. क्रम चुकला तर गोष्ट जाते, क्रम पाळला तर राहते, आणि तो क्रम खोक्यावर छापलेला नसतो, एवढंच म्हणणं होतं. दहा वर्षांच्या गप्पा गेल्या तर काय बिघडलं, असंही तुम्ही म्हणाल. अनेकांचं काही बिघडत नाही. ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय आणि त्याचा आवाज फक्त व्हॉइस मेसेजमध्ये उरलाय, त्यांचं बिघडतं.

मुख्य घोटाळा तर पैशांचा, आणि त्याबद्दल तुम्ही अक्षरही लिहिलं नाहीत. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक आयफोनमध्ये एक नॅनो सिम, म्हणजे नेहमीचं छोटं सिमकार्ड, बसतं, दुसरं ई-सिम करावं लागतं, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच नोंदवलेलं सिम. आपल्याकडचे अँड्रॉइडवाले बहुधा दोन साधी सिमं घालून फिरतात: एक जुना नंबर, बँकेत दिलेला, आणि एक स्वस्त डेटाचा. आयफोन घेतला की यातलं एक ई-सिम करायचं. सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस बंद, असा दूरसंचार विभागाचा २०२२ पासूनचा नियम आहे. ई-सिम करतानाही तो गृहीत धरूनच चालावं. आता यूपीआयची नोंदणी होते कशी? ज्या सिमचा नंबर बँकेत आहे, त्याच सिमवरून, त्याच फोनमधून एक एसएमएस बाहेर जावा लागतो. अँड्रॉइडवर परवानगी दिली की ॲप तो स्वतः पाठवतं. आयफोनवर तयार मेसेज समोर येतो आणि पाठवायचं बटण आपण दाबायचं. एसएमएस बंद म्हणजे नोंदणी बंद. दुसऱ्या दिवशी एसएमएस सुरू झाले, नोंदणी झाली, की पुढची मर्यादा लागते: नव्या फोनवर सुरुवातीला बहुतेक बँकांत ५,००० रुपयांपर्यंतच व्यवहार. अँड्रॉइडवर ही मुदत २४ तासांची आहे, आयफोनवर ७२ तासांची.

बेरीज तुम्हीच करा. बँकेतल्या नंबराचंच सिम ई-सिम केलं, तर तासाभराचं काम चार दिवसांवर जातं. त्यातून नवा फोन हौसेने पगाराच्या दिवशी, म्हणजे एक तारखेला घेतला जातो, आणि घरभाडं, सोसायटीचा मेंटेनन्स, मुलांची फी यांचीही तीच तारीख असते. म्हणून लेखात मी लिहिलं होतं की बँकेतल्या नंबराचं सिम नॅनोच ठेवा आणि डेटाचं सिम ई-सिम करा, महिन्याच्या मधल्या आठवड्यात फोन बदला आणि खिशात थोडी रोकड बाळगा. ही घाबरवाघाबरवी असेल तर असो.

या नियमांवर माझी तक्रार नाही, हे इथे नोंदवतो, कारण तुम्ही मला सरसकट ‘अडचणींचा पाढा वाचणारा’ म्हटलंत. दुसऱ्याच्या नंबराचं सिम काढून रातोरात खातं साफ करणाऱ्या टोळ्यांना हे २४ आणि ७२ तासच आडवे येतात. ही अडचण मला हवी आहे. फक्त ती आहे हे माणसाला आधी ठाऊक हवं.

दुसऱ्या अडचणी मात्र मला नको आहेत, आणि तिथे खापर कंपन्यांवर फोडायला मी कचरणार नाही. एपिक या गेम बनवणाऱ्या कंपनीने ॲपलवर केलेल्या खटल्यात २०२१ मध्ये ॲपलच्या अंतर्गत ईमेल उघड झाल्या. आयमेसेज, म्हणजे ॲपलच्याच उपकरणांवर चालणारं मेसेजचं ॲप, अँड्रॉइडवर आणलं, तर आयफोन वापरणाऱ्या घरांतल्या मुलांना अँड्रॉइड फोन देण्यातला अडसर दूर होईल, अशी काळजी कंपनीच्या बड्या अधिकाऱ्याने त्यात लिहून ठेवली होती. ‘अडसर’ हा शब्द त्यांचा, माझा नाही. आपल्याकडे आयमेसेजला कुणी विचारत नाही, पण विचार करण्याची पद्धत त्यातून कळते. गूगलही धुतल्या तांदळासारखं नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या बाबतीत मक्तेदारीचा गैरवापर केल्याबद्दल त्यांना १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि मार्च २०२३ मध्ये अपील लवादाने तो कायम ठेवला. घड्याळांचंही तेच. ॲपल वॉच अँड्रॉइडशी जोडता येत नाही, सॅमसंगची २०२१ पासूनची गॅलॅक्सी वॉच आयफोनशी जोडता येत नाहीत. मनगटावर वीस-तीस हजार बांधलेला माणूस फोन बदलताना दोनदा विचार करतो तो आळशी म्हणून नव्हे.

कौतुकही करतो, नाहीतर पुन्हा पाकिटाचा विषय निघेल. आयक्लाउडमधले फोटो थेट गूगल फोटोजमध्ये पाठवायची सोय ॲपलने २०२१ मध्ये दिली आणि उलट दिशेची सोय २०२४ मध्ये झाली. फोटो फोनवर न उतरवता एका कंपनीकडून दुसरीकडे जातात. आयक्लाउडकडून निघताना त्याला तीन ते सात दिवस लागतात, असं ॲपल स्वतः सांगतं. तुमचा तास इथेही पुरत नाही.

आता लाखाच्या फोनचा मुद्दा. आपल्या देशात शंभरातले नव्वदहून जास्त फोन अँड्रॉइडचे आहेत, हे तुम्ही म्हणता ते खरंच. पण मराठी घरात आयफोन नेहमी दुकानातूनच येतो असं थोडंच आहे? न्यू जर्सीतली लेक नवा फोन घेते आणि जुना आईसाठी घेऊन येते. पुण्यातला मुलगा ईएमआयवर नवा घेतो, जुना सांगलीला बाबांकडे जातो. फुकट मिळालेला, चांगल्या अवस्थेतला, पाच-सहा वर्षांचा आयफोन. माझा लेख खरं तर या आई-बाबांसाठी होता, आणि त्यांच्यासाठी तो मराठीतच हवा. ‘जमत नसेल तर साधा फोन वापरावा’ हे तुमचं वाक्य त्यांना उद्देशून वाचून बघा. (साध्या फोनवरही मार्च २०२२ पासून ‘यूपीआय १२३पे’ आहे, त्यामुळे तो सल्ला तितका वाईट नाही, पण नातवाचा व्हिडिओ कॉल त्यावर येत नाही.)

या मंडळींची अडचण वेगळी असते. अँड्रॉइडमध्ये मराठी ही फोनची भाषा २०१४ पासून, म्हणजे ५.० आवृत्तीपासून आहे. ज्यांनी सेटिंग, मेनू, सूचना सगळं मराठीत लावून घेतलंय, त्यांना त्याची इतकी सवय झालेली असते की ती सोय आहे हेही त्यांच्या लक्षात येत नाही. आयफोनवर मराठी कीबोर्ड बऱ्याच आधीपासून आहे, पण अख्खा फोन मराठीत दिसायला आयओएसची, म्हणजे आयफोनच्या सॉफ्टवेअरची, २०२५ सालची १८.४ आवृत्ती यावी लागली. मध्ये अकरा वर्षं गेली! आणि आता आली म्हणून प्रत्येक जुन्या आयफोनवर ती चालते असंही नाही. आयफोन ८ आणि आयफोन १० हे २०१७ चे फोन १६ व्या आवृत्तीवर थांबले. २०१८ च्या एक्सआर आणि एक्सएसवर १८.४ चालते. तेव्हा लेकीने आणलेला फोन या रेषेच्या अलीकडचा की पलीकडचा, यावर आईला ‘सेटिंग्ज’मधली मराठी मिळेल की नाही ते ठरतं. परदेशातून फोन आणणाऱ्यांनी बॅग भरण्याआधी एवढं बघितलं तरी माझा लेख कामी आला.

दुसरं म्हणजे मागे जायचं बटण. अँड्रॉइडवर खाली एक बटण असतं किंवा कडेवरून बोट सरकवायचं असतं, आणि ते सगळीकडे सारखं चालतं. आयफोनवर कुठे डाव्या कडेवरून सरकवायचं, कुठे वरच्या कोपऱ्यातला बाण, कुठे फुली, कुठे खाली ओढायचं. तुम्हाआम्हाला दोन दिवसांत सवय होते. सत्तरीच्या माणसाला ‘मी अडकलोय’ एवढंच कळतं आणि तो मुलाला फोन लावतो. तो लावता आला तर! म्हणूनच अँड्रॉइडवर रुळलेल्या आई-बाबांना आयफोन देऊ नका, त्यांच्या सवयीचाच नवा अँड्रॉइड घ्या, असं मी स्पष्ट लिहिलं होतं. त्या परिच्छेदापर्यंत तुम्ही पोचला नसाल, अशी शंका येते.

तुमच्या प्रतिक्रियेतला एक प्रश्न मात्र खरोखर उपयोगी आहे आणि त्याचं उत्तर इथे देतो. तुम्ही विचारलंत, एक्स्चेंजमध्ये जुना फोन दिला की सात-आठ हजार सुटतात, ते सोडून जुना फोन आठवडाभर घरात ठेवा हा सल्ला कशासाठी? ऑनलाइन एक्स्चेंजमध्ये नवा फोन घेऊन येणारा डिलिव्हरीवाला दारातच जुना घेऊन जातो. तो बाहेर थांबलेला असताना तुम्ही गूगल खातं काढता, फोन पुसता आणि त्याच्या हातात देता. नवा फोन तेव्हा अजून खोक्यात असतो. व्हॉट्सॲप न्यायला दोन्ही फोन एका वेळी जवळ लागतात, हे वर आलंच आहे. बँकेच्या ॲपनेही नोंदणीत काही खोडा घातला, तर परतायला जुना फोन हवा. एक्स्चेंज करायचंच असेल तर दुकानात करा, नवा फोन आधी घ्या आणि जुना दोन-चार दिवसांनी आणून देऊ का ते विचारा. बरेच दुकानदार ओळखीवर ऐकतात. नाही ऐकलं, तर हजार-दीड हजार कमी मिळाले तरी चालतील, जुना फोन नंतर वेगळा विका. आणि विकण्याआधी त्यातलं मेमरी कार्ड काढून घ्या. आयफोनमध्ये त्याला जागा नसते, त्यामुळे ते जुन्या फोनमध्येच राहून जातं.