‘जास्त वाहतो म्हणजे कमी गाळतो’ या आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

तुम्ही मुद्देसूद लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे आक्षेप आधी थोडक्यात मांडतो. इंजिनाच्या ऑइल फिल्टरमधल्या सिंथेटिक मीडियातून, म्हणजे कृत्रिम तंतूंच्या गाळणाऱ्या थरातून, ऑइल सहज वाहतं, म्हणजे कचराही सहज निसटत असणार. साधा कागदी आणि सिंथेटिक, दोन्ही फिल्टरच्या खोक्यांवर ‘२० मायक्रॉन’च (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छापलेलं असतं, मग सिंथेटिकचे जास्त पैसे कशाचे? ऑइल सारखं फिरत असतं, त्यामुळे एकदा सुटलेला कण पुढच्या फेरीत सापडतोच. तुम्ही कापून पाहिलेल्या सिंथेटिक फिल्टरच्या घड्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या. आणि तो बसवल्यापासून सकाळी ऑइलचा दिवा तीन-चार सेकंद जास्त राहत होता.

आधी माझी चूक. मूळ लेखात ‘कोणत्याही इंजिनाला सिंथेटिकच घाला’ असं वाक्य होतं. ते चूक आहे, मी ते काढून टाकलं. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर ऑइल आणि फिल्टर वेळेवर बदलत असाल, तर चांगल्या प्रतीचा सेल्युलोजचा (म्हणजे कागदी) किंवा मिश्र तंतूंचा फिल्टर पुरतो.

आता वाहण्याचं आणि गाळण्याचं. एकाच मापाची भोकं असलेल्या दोन चाळण्या घ्या, एक जाड तारेची, दुसरी बारीक तारेची. जाड तारेच्या चाळणीत निम्मी जागा तारच खाते. बारीक तारेच्या चाळणीत तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त भोकं बसतात. खडा दोन्हींत सारखाच अडतो, पण दुसरीतून पाणी भरभर जातं. सेल्युलोजचे तंतू लाकडाच्या लगद्याचे, चपटे, वेडेवाकडे आणि दहा-वीस मायक्रॉन किंवा त्याहून रुंद असतात. त्यांच्यातल्या फटीही त्यामुळे लहानमोठ्या राहतात. बारीक सिंथेटिक तंतू काही मायक्रॉनचेच असतात, काचेचे तर एक मायक्रॉनहूनही बारीक असू शकतात. फटी लहान, एकसारख्या आणि संख्येने भरपूर. शिवाय कागदावर कचरा बराचसा वरच्या थरात साचतो, तर जाडसर सिंथेटिक मीडियात तो आतपर्यंत पसरून बसतो. म्हणून तो उशिरा तुंबतो.

तरी तुमची शंका एका ठिकाणी अगदी रास्त आहे. जाड पॉलिएस्टर तंतूंचा मीडियाही ‘सिंथेटिक’ म्हणूनच विकला जातो. तो खूप वाहतो आणि बारीक कण सोडतो, कधी कधी साध्या कागदापेक्षाही जास्त. नुसत्या ‘सिंथेटिक’ शब्दावर पैसे मोजू नका.

मग मोजायचं कशावर? खोक्यावरचा मायक्रॉनचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. त्याच्याबरोबर बीटा किंवा टक्केवारी हवी. आयएसओ ४५४८-१२ या चाचणीत ऑइलमध्ये ठरावीक धूळ सतत सोडतात आणि फिल्टरच्या आधी व नंतर कण मोजतात. आधीच्या संख्येला नंतरच्या संख्येने भागलं की बीटा मिळतो. २० मायक्रॉनला बीटा २ म्हणजे ५० टक्के कण अडतात, बीटा २० म्हणजे ९५, बीटा ७५ म्हणजे ९८.७, बीटा २०० म्हणजे ९९.५ टक्के. हजार कणांतले एकाने ५०० सोडले आणि दुसऱ्याने ५, तरी दोन्ही खोक्यांवर ‘२० मायक्रॉन’ छापता येतं! कंपनीच्या माहितीपत्रकात चाचणीचं नाव, मायक्रॉन आणि टक्केवारी हे तिन्ही एकत्र दिसलं तरच तुलना करा.

‘पुढच्या फेरीत सापडतोच’ हा तुमचा सर्वांत दमदार मुद्दा, म्हणून तो आकड्यांत बघू. समजा, ऑइलमध्ये दर मिनिटाला या मापाचे १००० नवे कण येतात. थोड्या वेळाने जेवढे येतात तेवढेच फिल्टर अडवू लागतो. बीटा २ च्या फिल्टरला मिनिटाला १००० कण अडवायचे, तर त्याच्यापर्यंत २००० पोचले पाहिजेत. उरलेले १००० बेअरिंगकडे जातात. बीटा २० च्या फिल्टरपर्यंत साधारण १०५३ पोचले की काम होतं, निसटतात फक्त ५३. तेलपात्रातल्या ऑइलमधली कणांची संख्या जेमतेम दुपटीची, पण बेअरिंगकडे जाणाऱ्या कणांत जवळपास एकोणीस पटींचा फरक! कारण फिल्टर बेअरिंगच्या आधी बसलेला असतो. निसटलेला कण पुढच्या फेरीत सापडेलही, पण एक चक्कर त्याने बेअरिंगमधून मारलेली असते. तिथला ऑइलचा थर सर्वांत अरुंद जागी काही मायक्रॉनचाच असतो.

(ऑइल काळं पडण्यावरून मात्र फिल्टरची परीक्षा करू नका. काजळीचे कण बहुतांशी एक मायक्रॉनहून लहान असतात, ते दोन्हींतून जातात.)

हा हिशेब बायपास व्हॉल्व्ह बंद असेपर्यंतच खरा. फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक साधारण अर्धा ते दीड बारवर गेला की बायपास उघडतो आणि ऑइल न गाळताच पुढे जातं. थंड, घट्ट ऑइल आणि अर्धवट तुंबलेला कागद एकत्र आले की हे लवकर घडतं. छोट्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, ऑइलमध्ये पाणी राहतं, सेल्युलोज ते शोषून फुगतो आणि फटी आणखी आवळतात. लांब अंतर चालवलं तर कागदाला ताठ ठेवणारं रेझिन उष्णतेने आणि आम्लाने ठिसूळ होतं, आणि घडीच्या धारेवर कागद फाटू शकतो. आयएसओच्या चाचणीत हे वय दिसत नाही, हेही मान्य. लांब अंतर, कडक थंडी किंवा सतत छोट्या फेऱ्या असतील तर सिंथेटिकचे जास्तीचे पैसे मी देईन. मात्र फिल्टर टिकला म्हणून ऑइलचं अंतर वाढवू नका. ऑइलमधली संपलेली रसायनं आणि मिसळलेलं पेट्रोल फिल्टर दुरुस्त करत नाही.

चिकटलेल्या घड्या हा खराच दोष आहे. कागद रेझिनमुळे ताठ उभा राहतो. बारीक सिंथेटिक मीडिया कापडासारखा लुळा असतो, म्हणून त्याच्या मागे तारेची जाळी लागते. जाळी नसेल तर दाबाने घड्या एकमेकींवर लोळतात, निम्मं क्षेत्रफळ वाया जातं आणि बायपास उघडतो. तुमच्या फिल्टरमध्ये घडी बोटाने उलगडून मागे जाळी आहे का बघा. तिथेच घड्यांची दोन टोकं जोडणारी शिवणही तपासा. ती उकलली असेल तर बीटा कितीही असो, ऑइल तिथूनच जाणार. पुढच्या वेळी करवतीने कापू नका, तिचा कीस घड्यांत पडतो आणि तो इंजिनातला धातू वाटतो. चाकाचा फिल्टर कटर वापरा.

ऑइलच्या दिव्याचा दोष मीडियाचा नव्हता असं मला वाटतं. फिल्टर बदलल्यावरच्या पहिल्या स्टार्टला दिवा थोडा रेंगाळणारच, रिकामा डबा भरायला वेळ लागतो. रोज सकाळी रेंगाळत असेल तर आतला रबरी झडपेचा पडदा ऑइल परत गळू देतो आहे. नायट्राइलचा पडदा उष्णतेने कडक होतो, सिलिकॉनचा जास्त काळ मऊ राहतो. फिल्टर आट्याचं तोंड वर करून लटकत असेल तर ऑइल तसंही आतच राहतं, मग पडद्यावर संशय नको. आडवा किंवा तोंड खाली असेल, तर रात्रभर उभ्या गाडीचा फिल्टर सकाळी स्टार्ट करण्याआधी काढा. जवळजवळ रिकामा निघाला तर पडदा गेला. आडव्या फिल्टरमधून थोडं ऑइल काढताना सांडतं, ते हिशेबात धरा. नवा बसवताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना हे बघा, नव्या रिंगला ऑइलचं बोट लावा, आणि रिंग टेकल्यावर डब्यावर छापलेला फेरा, बहुधा पाऊण, हातानेच द्या. आटे जुळतात म्हणून दुसऱ्या इंजिनाचा फिल्टर घातला असेल तर भाग क्रमांकही ताडून बघा. काही इंजिनांत बायपास ब्लॉकमध्येच असतो, काहींत तो फिल्टरमध्येच असावा लागतो.

जाळी आहे की नाही आणि फिल्टर कोणत्या दिशेने बसतो, हे दोन्ही कळवा.