भट्टी आधी, खनिज सवडीने

सरकारी पैशातून पोलादाचा कारखाना काढायचं मनात घेतलंय? उत्तम. भूगर्भवाले, रसायनवाले आणि इतर नन्नाचा पाढा वाचणारी मंडळी असतील, त्यांना चहा पाजून बाहेरच्या बाकावर बसवा आणि चीनमधल्या हानयांग कारखान्याचा कित्ता गिरवायला घ्या. आजच्या चोंगछिंग पोलाद कंपनीची कुळकथा तिथूनच सुरू होते. म्हणजे पद्धत सव्वाशे वर्षं वापरून पाहिलेली आहे.

सुरुवात यंत्रखरेदीपासून करा. खनिज कुठलं, कोळसा कसला, हे यंत्रं जहाजात चढल्यावर बघता येतं. 1889मध्ये ग्वांगझोचे व्हाइसरॉय झांग झीदोंग यांनी लंडनच्या चिनी वकिलातीमार्फत भट्ट्यांची चौकशी केली. टीससाइड नावाच्या इंग्रज कंपनीने उलट कळवलं, की तुमचं खनिज, कोळसा आणि चुनखडीचे नमुने आधी पाठवा, त्यावरून भट्टी ठरेल. यावर झांगसाहेबांनी दिल्याचं सांगितलं जाणारं उत्तर असं, की चीनसारख्या अवाढव्य देशात काय सापडणार नाही? इंग्लंडात वापरता तसलंच पाठवा. हे पाठच करून ठेवा. यात देशाभिमान आहे, तडफ आहे आणि शंका काढणाऱ्याचं तोंड बंद करायची सोयही आहे.

बदली झाली तर कारखाना सोबत न्यावा. झांग हुबेईला बदलून गेले, त्यांच्या जागी आलेल्या साहेबांना ही ब्याद नको होती, तेव्हा मागवलेल्या भट्ट्या वरिष्ठांच्या सामानाबरोबर यांग्त्सेकाठी रवाना झाल्या.

आता जागा. लोखंडाचं खनिज दायेला, म्हणजे नदीच्या खालच्या अंगाला शंभराहून अधिक किलोमीटरवर. खनिजाजवळ कारखाना काढणं कोणालाही सुचेल. पण साहेबांच्या वूचांगमधल्या कचेरीतून दाये दिसत नव्हतं. हानयांग मात्र नदीपलीकडे समोरच. तिथली धुराडी कचेरीतून नजरेच्या टप्प्यात राहतील आणि देखरेख नीट होईल, हे कारण झांग यांनी रीतसर पुढे केलं होतं. जमीन दलदलीची निघाली, मग भराव आला. भरावासारखं खातं नाही. माती किती टाकली हे नंतर कोणी खणून मोजत नाही. एकूण अंदाज सुमारे 25 लाख ताएल (चिनी वजनमाप) चांदीचा होता, खर्च सुमारे 57 लाखांवर गेला. एवढं तर चालायचंच.

मुख्य गंमत भट्टीच्या अस्तरात आहे, तेव्हा इथे जरा थांबू. बेसेमर भट्टी म्हणजे नासपतीच्या आकाराचं लोखंडी पात्र. वितळलेलं कच्चं लोखंड ओतायचं आणि बुडातून हवेचा झोत सोडायचा. कार्बन, सिलिकॉन जळून जातात, वीसएक मिनिटांत पोलाद तयार. आतलं अस्तर वाळूच्या जातीचं, म्हणजे आम्लधर्मी असेल, तर फॉस्फरस मात्र तिथून हलत नाही. तो जळतो, पण त्याला मळीत, म्हणजे वर तरंगणाऱ्या वितळलेल्या गाळात, धरून ठेवायला चुना लागतो. आणि चुना घालावा तर तो अस्तरच खातो. त्यामुळे फॉस्फरस मुकाट्याने पोलादातच राहतो. अशा पोलादाचा रूळ गोदामात देखणा दिसतो. थंडी पडली आणि वरून इंजिन गेलं, की काचेसारखा तडकतो. गंधक जास्त असेल तर पोलाद गरम असतानाच फाटतं, म्हणजे निदान कारखान्यातच कळतं. फॉस्फरस जास्त सभ्य, माल गिऱ्हाइकाच्या घरी पोचेपर्यंत गप्प बसतो.

यावर उपाय होता. सिडनी गिलख्रिस्ट थॉमसने डोलोमाइटचं अस्तर आणि चुना वापरून फॉस्फरस काढून दाखवला होता. 1879मध्ये त्याचं यशस्वी प्रात्यक्षिक झालं ते इंग्लंडच्या टीस नदीकाठच्याच मिडल्सब्रोत. म्हणजे औषध दुकानदाराच्या गल्लीतच होतं, पण आपण रोग सांगायचा नाही असा निश्चय केलेला. हानयांगला आम्लधर्मी बेसेमर आली. रुळांत फॉस्फरस 0.2 टक्क्यांच्या आसपास निघाला, चालतो तो 0.08च्या आत.

कोकचं, म्हणजे भट्टीसाठी हवाबंद भाजलेल्या कोळशाचं, नियोजन करू नका, त्याने उत्साह मावळतो. जवळ दोन कोळसाखाणी उघडल्या. वांगसानशीच्या खाणीत पाणी भरलं, ती सोडून द्यावी लागली. माआनशानच्या कोळशात गंधक आणि राख इतकी, की धड कोक होईना. मग उत्तरेच्या काइपिंगहून कोक आणा, तोही पुरेना तर युरोपातून जहाजाने मागवा. खनिजातून कच्चं लोखंड काढणारी झोतभट्टी ही काही गॅसची शेगडी नव्हे. एकदा पेटवली की वर्षानुवर्षं रात्रंदिवस चालवायची. कोक संपून ती थंड पडली तर बुडाशी लोखंड आणि मळी एकत्र गोठतात, आणि तो गोळा पुढे छिन्नीने किंवा सुरुंगाने फोडावा लागतो. हानयांगची भट्टी 1894च्या उन्हाळ्यात पेटली आणि कोकअभावी काही महिन्यांतच थांबवावी लागली. उद्घाटन मात्र झालं होतं, ते महत्त्वाचं.

उलट वागून काय होतं तेही बघा. जमशेटजी टाटांनी 1882च्या सुमारास आपल्या चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या खनिजाबद्दल वाचलं. वरोऱ्याचा कोळसा जवळ होता, पण त्यांनी तो आधी जर्मनीला तपासायला पाठवला. कोळसा कामाचा नाही असा निकाल आला आणि बेत बारगळला. या चौकसपणापायी त्यांच्या हयातीत कारखाना उभा राहिला नाही, साकचीचं (आजच्या जमशेदपूरचं) पहिलं पोलाद निघायला 1912 उजाडलं. एवढा धीर कोणत्या निवडून येणाऱ्या माणसाला परवडेल?

तोटा डोळ्यात भरायला लागला की खासगीकरण करा. 1896मध्ये कारखाना शेंग श्वानहुआय यांच्याकडे गेला. सरकारचे बुडालेले पैसे दर टन कच्च्या लोखंडामागे एक ताएल या हिशेबाने फेडायचे, असा करार. शेंग पडले हुशार. त्यांनी रेल्वे कंपनीचं प्रमुखपदही मिळवलं आणि रूळ हानयांगचेच घ्यायचे हेही पदरात पाडून घेतलं. विक्रेता तेच, ग्राहक तेच. तडकलेल्या रुळाची तक्रार करायची तर स्वतःलाच पत्र लिहायचं.

अखेर 1904मध्ये, कारखाना सुरू होऊन दहा वर्षं झाल्यावर, ली वेइगे हे अधिकारी खनिज आणि कोकचे नमुने पेटीत घालून इंग्लंडला गेले. तपासणीत निघालं, की दायेचं खनिज उत्तम, पिंगश्यांगच्या नव्या खाणीचा कोकही उत्तम, चूक फक्त भट्टीत. बेसेमर मोडीत काढली आणि अल्कधर्मी, म्हणजे थॉमसच्या जातीच्या अस्तराच्या मार्टिन भट्ट्या (पोलादाच्याच, पण उघड्या चुलीच्या) बसवल्या. दुरुस्तीला पैसा हवा, तो जपानकडून घेतला. त्याच साली 30 लाख येनचं कर्ज, मुदत 30 वर्षं, तारण दायेची खाण, परतफेड खनिजाने, तेही ठरलेल्या भावाने. जपानच्या यावाता कारखान्याला खनिज हवंच होतं. 1908मध्ये हानयांग, दाये आणि पिंगश्यांग मिळून हानयेपिंग कंपनी झाली. 1913मध्ये आणखी दीड कोटी येन घेतले, त्यासोबत हिशेब आणि यंत्रं बघायला जपानी सल्लागार. पहिल्या महायुद्धात लोखंडाचे भाव आकाशाला भिडले, तेव्हा कंपनी करारातल्या जुन्या दराने माल पोचवत होती. युद्ध संपलं, भाव कोसळले आणि हानयांगच्या भट्ट्या 1920च्या दशकात विझल्या.

इथे घाबरू नका. विझलेला कारखानाही हलवता येतो. 1938मध्ये जपानी फौजा वूहानकडे (हानयांग त्याचाच भाग) सरकल्या, तेव्हा हानयांगची कामाची यंत्रं सुटी करून बोटींनी यांग्त्सेच्या घळींतून, बॉम्बहल्ले चुकवत, चोंगछिंगच्या दादुकोऊला नेली. बोटी बुडाल्या, माणसं गेली. नेलेल्या यंत्रांत शेफील्डला 1905 साली बनलेलं 8000 अश्वशक्तीचं वाफेचं इंजिनही होतं. यावर मात्र विनोद सुचत नाही. ते 1980च्या दशकापर्यंत रूळगिरणी फिरवत राहिलं, आणि 1952मध्ये सुरू झालेल्या छंगदू-चोंगछिंग रेल्वेचे 505 किलोमीटर त्याच्या जोरावर लाटलेल्या रुळांवर टाकले गेले. झांगसाहेबांच्या घाईतून नव्हे, तर ली वेइगेंच्या दुरुस्तीच्या काळात आलेली ही खरेदी, एवढी नोंद तुमच्या फायलीत नसली तरी चालेल.

तुमच्या काळात प्रदूषणाच्या नावाखाली आणखी एक स्थलांतर येईल, ते सोडू नका. 2011मध्ये दादुकोऊचा जुना कारखाना बंद झाला आणि उत्पादन चांगशोला गेलं. भर जहाजांच्या जाड पत्र्यावर, तोही समुद्रापासून हजारो किलोमीटर आत, आणि त्यासाठी परदेशी खनिज नदीतून वर चढवून आणायचं. शेजारच्या बाजाराला बांधकामाच्या सळया हव्या होत्या. जहाजबांधणी मंदावली आणि एकट्या 2015 साली जवळपास 600 कोटी युआन तोटा झाला.

2017मध्ये थकलेल्या देण्यांचं प्रकरण न्यायालयात गेलं, पुढे बाओवू या केंद्र सरकारच्या कंपनीने ताबा घेतला. धनकोंना कसं शांत करायचं, याचा तक्ता मात्र जपून ठेवण्यासारखा. पाच लाख युआनपर्यंतची रक्कम रोखीत. त्यापुढच्या दर 100 युआनमागे सुमारे 16 शेअर, आणि हिशेबात एका शेअरची किंमत 3.68 युआन धरायची. बाजारात भाव त्याहून बराच खाली होता. कोणी विचारलंच, तर बाजार अल्पदृष्टीचा असतो म्हणून सांगा.