मूल अमेरिकन झालं म्हणून आईबापांना कागद मिळत नाहीत

एक फॉरवर्ड फिरतोय. माझ्या मावसबहिणीनं तो ‘चला, काळजी मिटली’ असं लिहून मला पाठवला, कारण तिच्या लेकीला न्यू जर्सीत बाळ झालंय. त्यात म्हटलंय की बाळ अमेरिकेत जन्मलं की आईबापांना ग्रीन कार्ड, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळतं. सिटिझन मुलाच्या आईबापांना सरकार हाकलू शकत नाही. व्हिसा संपला तरी राहा, मूल २१ चं झालं की सगळं माफ. दहा वर्षं काढली तर कोर्टातून कागद मिळतात. आणि एकाचं झालं की अख्ख्या कुटुंबाचं होतं. अशा सल्ल्यावर विसंबून माणसं नोकरीचे, घराचे निर्णय घेतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिला दावा सरळ खोटा आहे. इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी ॲक्टचं कलम २०१(बी) उघडून बघा. नागरिकाचे आईवडील जवळच्या नातेवाइकांत मोडतात, पण नागरिक मूल किमान २१ वर्षांचं असेल तरच. त्याआधी मुलाच्या नावानं आय-१३०, म्हणजे नातेवाइकासाठीचा अर्ज, भरला तर अर्ज नाकारला जातो आणि फी जाते. एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावरच्या आईबापांची मुदत मुलामुळे एका दिवसानंही वाढत नाही. नोकरी गेली की राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात; घरात नागरिक तान्हं आहे म्हणून त्यात भर पडत नाही.

हाकलू शकत नाही, हेही खोटं. मुलाचं नागरिकत्व मुलापुरतं असतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये ओबामांनी नागरिक मुलांच्या आईबापांची हकालपट्टी तात्पुरती थांबवणारी ‘डापा’ योजना जाहीर केली होती. ती कोर्टानं अडवली, जून २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टात ४-४ अशी बरोबरी झाली आणि योजना एक दिवसही लागू झाली नाही.

आता सगळ्यात घातक मुद्दा: ‘व्हिसा संपला तरी राहा.’ यात थोडं खरं आहे, ते नाकारून चालणार नाही. जो रीतसर तपासणी होऊन देशात आला, त्याची मुदत नंतर उलटली असली तरी २१ वर्षांच्या मुलाच्या अर्जावर तो तिथे राहूनच आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डाचा अर्ज, भरू शकतो. मुदतीबाहेरचा मुक्काम किंवा विनापरवाना काम त्याला आडवं येत नाही. चोरून सीमा ओलांडलेल्याला ही सोय सहसा नाही.

पण म्हणून ‘सगळं माफ’ होत नाही. आधी दिवस कसे मोजतात ते समजून घ्या. पासपोर्टवरचा व्हिजिटर व्हिसा दहा वर्षांचा असतो, म्हणून तितकं राहता येतं असं पुष्कळांना वाटतं. एका खेपेला मिळतात साधारण सहा महिने. खरी तारीख असते आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवर. सीबीपीच्या, म्हणजे सीमेवर तपासणी करणाऱ्या खात्याच्या, साइटवर पासपोर्टचा तपशील टाकला की ती दिसते. त्या तारखेनंतर १८० दिवसांहून जास्त राहून देश सोडला तर तीन वर्षं बंदी. एक वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलात तर दहा वर्षं. ही बंदी देशाबाहेर पाऊल टाकल्यावर लागते, म्हणून आत असेपर्यंत कुणाला काहीच जाणवत नाही. बारा-तेरा वर्षं सुरळीत जातात, मग आई अत्यवस्थ आहे म्हणून माणूस साताऱ्याला येतो आणि परतीची वाट बंद होते.

माफीचा अर्ज आहे, आय-६०१. पण त्यासाठी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या नवरा-बायकोचे किंवा आईवडिलांचे आत्यंतिक हाल होतील हे सिद्ध करावं लागतं. त्या यादीत मुलं नाहीत. ज्या लेकराच्या भरवशावर हे राहिले, त्याचे हाल इथे कायदा थेट धरतच नाही. दोघंही भारतीय नागरिक, दोघांचे आईबाप गावी. अशा जोडप्यानं दाखवायचं कुणाला? शिवाय आय-४८५ प्रलंबित असताना ॲडव्हान्स परोल, म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी, हातात नसेल तर विमानात बसू नका. आणि अर्ज म्हणजे कवच नव्हे: अर्ज केल्यानं हकालपट्टी टळत नाही, हे यूएससीआयएसनं (इमिग्रेशनचे अर्ज हाताळणाऱ्या सरकारी खात्यानं) ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या पॉलिसी मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय.

दहा वर्षांचा मुद्दा ‘कॅन्सलेशन ऑफ रिमूव्हल’वरून, म्हणजे हकालपट्टी रद्द करून घेण्याच्या तरतुदीवरून, उचललाय. तो अर्ज यूएससीआयएसकडे भरता येत नाही. हकालपट्टीची केस सुरू झाल्यावर इमिग्रेशन जजपुढेच मागता येतो. दहा वर्षं सलग वास्तव्य लागतं. एका खेपेला ९० दिवसांहून किंवा एकूण १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलात तर सलगता तुटते, आणि हकालपट्टीच्या केसची रीतसर नोटीस हाती पडली की मोजणी थांबते. इथे मुलाचे हाल धरतात, पण ते असाधारण असावे लागतात. भारतात पगार कमी, शाळा बदलावी लागेल, एवढ्यानं भागत नाही. वर्षाला अशा ४,००० जणांनाच मंजुरी मिळते. काही एजंट केस उभी राहावी म्हणून असायलमचा, म्हणजे छळाच्या भीतीनं आश्रय मागण्याचा, खोटा अर्ज भरायला लावतात. तो जाणूनबुजून खोटा ठरला तर पुढचे जवळजवळ सगळे मार्ग कायमचे बंद होतात.

एक मात्र कबूल: भारतात जन्मलेल्यांची ईबी-२, ईबी-३ ची, म्हणजे नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डाची, रांग इतकी लांब आहे की काहींच्या बाबतीत मूल २१ चं होणं खरंच आधी येईल. आईवडिलांच्या गटाला वार्षिक मर्यादा नाही. पण तेव्हाही आई आणि वडील यांचे आय-१३० वेगवेगळे. वडिलांसाठी मुलाच्या जन्मदाखल्यासोबत लग्नाचा दाखलाही लागतो. आईचं माहेरचं आणि सासरचं नाव कागदोकागदी वेगळं असेल तर ते आजच जुळवून ठेवा. मुलाची मिळकत दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के हवी, नसेल तर संयुक्त प्रायोजक, म्हणजे मिळकतीची हमी देणारी दुसरी व्यक्ती. मूल पुण्यात वाढलं असेल तर अमेरिकेतलं वास्तव्यही त्याला दाखवावं लागतं.

आणि ‘अख्खं कुटुंब’? या गटात आईबापांच्या अर्जावर दुसरं कुणी येत नाही. भारतात जन्मलेल्या थोरल्या भावंडाचा अर्ज आईबापांनी ग्रीन कार्ड मिळाल्यावर वेगळा करायचा. धाकटं २१ चं होईपर्यंत थोरलं २१ च्या पुढेच गेलेलं असतं, म्हणजे एफ२बीची (ग्रीन कार्डधारकांच्या २१ वर्षांवरच्या अविवाहित मुलांची) लांब रांग. त्या रांगेत असताना त्यानं लग्न केलं तर तो अर्ज आपोआप रद्द होतो.