‘एक पालक’ यांना उत्तर

‘एक पालक’ या नावानं आलेली प्रतिक्रिया मी काढलेली नाही. तिचा सारांश असा : जोनाथन स्ट्राउडच्या ‘लॉकवुड अँड कंपनी’सारख्या भुताखेतांच्या कादंबऱ्या मुलांना सुचवून मी दाभोलकरांच्या महाराष्ट्रात अंधश्रद्धेला खतपाणी घालते, मालिका उगाच लांबवली आहे, इंग्रजी पुस्तकं सोलापुरात परवडतात कुणाला, आणि शेवटी, ‘तुम्हाला स्वतःची मुलं असती तर असलं लिहायला धजावला नसतात.’

महोदय (की महोदया? नाव नाही, त्यामुळे कळायला मार्ग नाही), आधी हे शेवटचं वाक्य घेऊ. मला मुलं आहेत की नाहीत, याचा जोनाथन स्ट्राउडच्या पुस्तकांशी काय संबंध? पुस्तक आवडलं नाही म्हणा, भिकार म्हणा, मी ऐकून घेईन. पण समोरच्याच्या घरात डोकावून वाद जिंकायचा, तोही स्वतःचं नाव झाकून, ही कुठली रीत? वर ‘राग मानू नका’ असंही लिहिलंय. का मानू नये?

आणि लहान मुलांची भीती मला कळत नाही होय? मी गिरणीच्या चाळीत वाढले. वडील रात्रपाळीला. दिवे गेले की आजी मुंजा, हडळ, खवीस अशी सगळ्यांची हजेरी घ्यायची आणि पिंपळाखालून जाताना आम्ही जीव मुठीत धरून पळायचो. पुढे नारायण धारप आणि मतकरी मी वडिलांच्या उशाखालून काढून वाचले. आमच्या त्या घोळक्यातलं कुणीही मोठेपणी मांत्रिकाच्या दारात गेलं नाही. माझ्या भाचीनं लॉकवुडचे पाचही भाग दिवा चालू ठेवून वाचले, आणि सकाळी पुढचा भाग मागायला हजर. गड्ड्याच्या जत्रेत पोरं आकाशपाळण्यात किंचाळतात आणि खाली उतरल्या उतरल्या पुन्हा तिकीट मागतात, तसंच आहे हे. तिथे तुम्ही त्यांना अडवता का?

अंधश्रद्धेचं म्हणाल, तर निदान पहिला भाग उघडून बघा. त्यातल्या लंडनमध्ये रात्री भुतं हिंडतात. मोठ्यांना ती धड दिसत नाहीत, म्हणून पोरंच तलवारी, मीठ आणि लोखंडी साखळ्या घेऊन कामाला जातात. पण त्याआधी त्यांच्यातला जॉर्ज जुनी वर्तमानपत्रं आणि कागदपत्रं चाळतो : त्या घरात कोण राहायचं, कोण मेलं, कसं. एकदा त्याचे साथीदार लॉकवुड आणि लूसी त्याच्या माहितीची वाट न बघता निघतात, साखळ्याही बरोबर नसतात, आणि घराला आग लागते. भूत घालवायला तिथे मंत्र म्हणत नाहीत. ते ज्या वस्तूला चिकटलंय ती शोधून काढावी लागते. आणि त्या घरातल्या बाईचा खून भुतानं नाही, हाडामांसाच्या माणसानं केलेला असतो. ह्यात बुवाबाजी कुठे दिसली तुम्हाला? 2013चा जादूटोणाविरोधी कायदा भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणाऱ्याला धरतो, गोष्ट सांगणाऱ्याला नाही. दाभोलकरांचं नाव घेताना एवढं तरी माहीत असावं.

बाकीचं काय, मालिका 2013 ते 2017, पाच भागांत संपली. तिसऱ्याची सुरुवात रेंगाळते, तेवढं मान्य. परवडण्याबद्दल विचारते : हिराचंद नेमचंद वाचनालयाची पायरी शेवटची कधी चढलात?

की घरात पोरानं पुस्तकासाठी हट्ट धरलाय आणि तो राग माझ्यावर निघतोय? तसं असेल तर सरळ सांगायचं. पहिला भाग माझ्याकडे आहे, नेऊ शकता. फक्त नाव सांगून न्या, आणि परत करा.